घशात अडकलेली निळी-काळी

मित्रांनो, मी एक जुने, काळे, गळा दाटलेले शाईचे पेन आहे. सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या खणात आहे. उजवीकडे गंजलेल्या टाचण्या, डावीकडे उकाड्याने वितळून माझ्या अंगाला चिकटलेले रबरबँड, आणि डोक्यावर कायमचा अंधार. कोणी खण उघडला की जरा उजेड दिसतो, पण त्याने माझी सुटका होत नाही. खरा तुरुंग माझ्या पोटात आहे. दूध फाटते ना, तशी माझ्या पोटात शाई फाटली, आणि तिचा गाळ माझ्या घशात घट्ट बसला. बोलायचे पुष्कळ आहे आणि शब्द फुटत नाही. म्हणून मनातल्या मनातच तुम्हाला माझी हकीकत सांगते.

माझा जन्म एका कातारीकाकांच्या लेथवर झाला. काळ्या, कडक रबराच्या दांड्यातून त्यांनी मला कातून काढले. टायर जळाल्यासारखा वास सुटला होता आणि काका शिंकत होते. त्यांनी नळी पोखरली, आटे पाडले, टोपण बसवले, चकचकीत पॉलिश केले. मग पिवळी निब आली आणि तिच्या पोटाखाली बारीक खाचांची एक पट्टी. तिला आमच्यात जीभ म्हणतात. पोटातली शाई जिभेवरून निबेत उतरते आणि निबेतून कागदावर. जीभ नीट बसली की नाही हे पाहायला काकांनी माझ्याकडून एक लांबलचक रेघ ओढून घेतली, आणि ती कुठे तुटली नाही म्हणून स्वतःवरच खूश झाले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी गेले ते थेट एका शाईच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत. लिहिण्यासाठी नव्हे, चव घेण्यासाठी! बाजारात कोणाची कसली निळी-काळी शाई आली की ती आणायची, माझ्यात भरायची आणि आमच्या कारखान्याच्या शाईशी ताडून पाहायची. हे काम करणारे गृहस्थ सगळ्या कारखान्यात थेंबसाहेब म्हणून ओळखले जात. कागदावर रेघ ओढायची, ती वाळू द्यायची, तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि हाताची घडी घालून बघत बसायचे, हा त्यांचा धंदा आणि हाच छंद. खिडकीत कागदाच्या पट्ट्या टांगलेल्या असत. प्रत्येक पट्टी अर्धी काळ्या कागदाने झाकलेली, अर्धी उन्हात. कोणती शाई उन्हात रंग टाकते ते त्यावरून कळे.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, निळी-काळी म्हणजे निळी-काळी, त्यात ताडायचे काय? मलाही आधी तसेच वाटले होते. पण पोटात घेतल्यावर एकेकीचे गुण कळायला लागले. एक बाई नावाच्याच निळ्या-काळ्या, वाळल्या की हिरवी झाक मारायच्या. दुसरी कागदावर उतरताना अशी रुबाबदार, की वाटावे झाले, हीच खरी. आणि खिडकीतल्या उन्हात राहिली की जांभळट पडून बसायची. तिसरीत काळेपणा तेवढा होता, निळेपण औषधालाही नाही. शिवाय थेंब पडला की ती कागद सोडून सरळ चालती व्हायची. आमच्या कारखान्याची शाई मात्र लोखंडाची. लिहिताना फिकट, बुजरी निळी. दुसऱ्या दिवशी बघाल तर काळीभोर. पाणी टाका, बोटाने घासा, ढिम्म हलायची नाही. फक्त तिची एक खोड होती. दुसऱ्या शाईशी तिचे मुळीच पटत नसे.

म्हणून थेंबसाहेबांचा दंडक होता, की एक शाई काढली की मला स्वच्छ धुवायचे, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे, मगच दुसरी भरायची. एकदा एका सहकाऱ्याने घाईत न धुता भरली. माझ्या जातभाईचा घसा जागच्या जागी धरला. त्या दिवशी थेंबसाहेब असे गरजले, की कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या.

"अहो, नाव एक असलं म्हणून स्वभाव एक असतो का? भरताना जरा विचार करा की!"

असा त्यांचा आवाज होता. छताचा पत्रा हादरावा असा. संध्याकाळी ते मला खिशाला लावून घरी नेत आणि जेवताना हीच हकीकत बायकोला सांगत, पुन्हा त्याच आवाजात. या बाईंना कारखान्यात सगळे वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी भात वाढता वाढता "हं", "हं" करायच्या. ऐकतात की नुसत्या हुंकार भरतात, ते मला कधी कळले नाही.

थेंबसाहेब निवृत्त झाले तेव्हा मला कोटाच्या खिशात घालून कायमचे घरी घेऊन आले. लेक लग्न होऊन फार दूर गेली होती. घरात दोघेच. सुखाचे दिवस होते, पण ते फार टिकले नाहीत. साहेबांचा घसा बसला तो उठेचना. दुखणे वाईट निघाले. ऑपरेशन झाले, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. गळ्याशी एक भोक राहिले, त्यावर पांढऱ्या कापडाची चौकोनी पट्टी, आणि तोंडातून साधी कुजबुजसुद्धा निघेना.

मग माझा भाव वधारला! चहात साखर कमी आहे, पंखा लावा, पेपर कुठे गेला, सगळे माझ्यातून. साहेब रागावले की अक्षरे मोठी होत आणि वहिनी म्हणत, "ओरडू नका हो, शेजारी वाचतील." वहिनींना चष्म्याशिवाय अक्षर दिसत नसे. त्यामुळे साहेब भांडण लिहून तयार ठेवत आणि वहिनी घरभर चष्मा शोधत फिरत. तो सापडेपर्यंत साहेबांचा निम्मा राग उतरून जाई. येणारेजाणारे म्हणत, "या पेनाने किती सोय झाली!" मी मनातून फुगून जायचे. मला वाटायचे, मीच आता यांचा आवाज.

खरे तर दवाखान्यातून एक यंत्रही मिळाले होते. टॉर्चएवढे, गळ्याला टेकवून बटण दाबायचे. ते घुमते, आणि आपण तोंड हलवले की त्या घुमण्याचे शब्द होतात. साहेबांनी ते एकदाच लावून पाहिले. रिकाम्या डब्यात भुंगा अडकावा तसा आवाज निघाला. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी यंत्र या खणात टाकले, खण लोटून दिला आणि मला उचलले. मी धन्य झाले, दुसरे काय!

पण दर रविवारी दुपारी लेकीचा फोन येई, आणि तिथे माझे काही चालत नसे. वहिनी बोलत. मग लेक म्हणे, "बाबांकडे दे." साहेब रिसीव्हर कानाला लावून बोटाने टकटक करत. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. यंत्राचा तो आवाज लेकीच्या कानावर पडू नये म्हणून त्यांनी वहिनींना शपथ घातली होती.

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, करमतं का हो तुम्हाला?"

टक, टक.

"का? काय होतं? सांगा ना."

आता याला टक कशी पुरणार? साहेबांनी मला घेतले आणि फोनशेजारच्या कागदावर भराभर लिहिले, "तू गेल्यापासून घर फार मोठं झालंय ग." लिहून झाल्यावर तो कागद हातात धरून ते उभे राहिले. कोणाला दाखवणार? त्यांनी तो रिसीव्हरसमोर धरला. मित्रांनो, शहाणासुरता माणूस, पण त्यांनी तो रिसीव्हरसमोर धरला. पलीकडे लेक वाट पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं, दमला असाल. ठेवते." मोरीच्या दारात वहिनी ओल्या हातांनी उभ्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले आणि भांडी घासायला परत गेल्या.

त्यानंतर एका सकाळी साहेब अंघोळीला गेले असताना वहिनींनी मला उघडले. पोटात आमची लोखंडाची शाई अर्धी शिल्लक होती. वहिनींनी ड्रॉपर घेतला आणि भलतीच एक बाटली काढली. लेबल निळ्या-काळ्याचेच, पण आतला माल परका. मी मनात किंचाळले, अहो वहिनी, धुवा आधी! पण माझे कोण ऐकतो? त्यांनी मला काठोकाठ भरले, टोपण लावले आणि दोन्ही हातांनी चांगले खळखळून हलवले.

काय सांगू त्या यातना! पोटात कण धरू लागले. कणांचा गाळ झाला, गाळ सरकत सरकत जिभेच्या खाचांत जाऊन बसला. वरून पोट तुडुंब आणि टोकाला थेंब नाही. श्वास घ्यायला जावे आणि दार बाहेरून लावलेले असावे, तसे झाले. साहेबांनी लिहायला घेतले. पहिला शब्द फिकट उमटला, दुसरा तुटक, तिसऱ्याला नुसता ओरखडा. त्यांनी मला झटकले, उघडले, काचेच्या तुकड्यावर पालथे केले. बाहेर आली ती चिकट, रवाळ घाण. आयुष्यभर ज्यांनी शाया ताडल्या, त्यांना ओळखायला एक क्षण पुरला. त्यांचे तोंड लालबुंद झाले.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "शाई संपत आली होती, म्हणून मी भरली थोडी. दोन्ही निळ्या-काळ्याच तर आहेत."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. पेन्सिल शोधून कागदावर खराखरा काहीतरी खरडले आणि वहिनींच्या नाकासमोर धरले.

"चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे," वहिनी म्हणाल्या. "काही दिसत नाही मला."

चष्मा कुठे होता? माझ्या शेजारी! साहेब पेन्सिल शोधत होते तेवढ्यात वहिनींनी मला पुसून खणात ठेवले होते आणि माझ्या पाठोपाठ स्वतःचा चष्माही. खणातले यंत्र तेवढे बाहेर काढून टेबलावर ठेवले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

साहेबांनी खुणा केल्या. "कळत नाही हो मला," वहिनी म्हणाल्या, आणि वर मीठ चोळल्यासारखे पुढे म्हणाल्या, "एवढं काय झालं म्हणते मी? निळी-काळी ती निळी-काळीच. एकीत दुसरी घातली तर बिघडलं कुठे?"

खणाच्या फटीतून मला दिसले. साहेबांचा हात यंत्राकडे गेला, मागे आला, परत गेला. मग खोलीत तो भुंगा घुमला.

"दोन… निळ्या-काळ्या… एकत्र… करतात का?"

वर्षाहून अधिक काळ मुक्या असलेल्या साहेबांनी बोललेले ते पहिले वाक्य! वहिनींनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले, पण आवाज हलू दिला नाही.

"का करू नये? रंग एकच की."

"रंग एक?" यंत्र कडाडले. त्यात चढउतार नव्हता, पण राग होता, आमच्या साहेबांचा अस्सल राग. "एक हिरवट असते! एक उन्हात जांभळी पडते! एकीला पाणी लागलं की धुऊन जाते! आपली लोखंडाची. तिच्यात परकी घातली की फाटते. शंभरदा सांगितलंय. जेवताना सांगितलंय!"

"हो ना. रोज सांगितलंय," वहिनी म्हणाल्या. आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

साहेब थांबले. त्यांनी वहिनींकडे पाहिले, हातातल्या यंत्राकडे पाहिले.

"तुला… माहीत होतं."

"इतकी वर्षं काय मी नुसता भात वाढत होते?"

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा मी इथेच, अंधारात, कान देऊन पडले होते. वहिनींनी सरळ रिसीव्हर साहेबांच्या हाती दिला. साहेबांनी यंत्र गळ्याला टेकवले. मग भुंगा सुरू झाला, तुटक, कोरडा. फोनमधून लेकीचा घाबरा आवाज खणापर्यंत आला.

"कोण बोलतंय? बाबा, हा कसला आवाज आहे?"

"माझाच."

मग पलीकडे रडणे, अलीकडे रडणे, आणि मध्ये ते यंत्र घुमतच राहिले. साहेब बटणावरचे बोट काढायला विसरले होते.

तर मित्रांनो, तेव्हापासून मी इथे आहे. साहेब एकदा मला धुवायला निघाले होते. कोमट पाण्याची वाटी आणली होती, टोपणही काढले होते. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, घाई काय आहे?" आणि मला परत ठेवून खण लोटला. मला राग आला. अजूनही येतो. घसा दुखतो, रबर अंगाला चिकटते, आणि आपला काही गुन्हा नसताना कोंडून राहणे सोपे नसते. मी त्यांचा आवाज नव्हते, त्यांच्या तोंडावर लावलेली कडी होते, हे कळायलाही मला इथेच पडून राहावे लागले.

तुम्ही तुमच्या पेनांना जपा. शाई बदलण्याआधी त्यांना नितळ पाण्याने धुवा, बाटलीवरचे नाव सारखे दिसले म्हणून दोन शाया एकत्र करू नका, टोपण उघडे टाकू नका. आणि तुमच्यातल्या कोणाच्या हाती कधी मी लागले, तर आधी खणाला कान लावून ऐका. बाहेर तो भुंगा घुमत असेल, तर मला इतक्यात धुऊ नका.