संघदीपच्या छातीची तपासणी

भरतीच्या पोरांना एकच अक्कल: चाचणी म्हटली की आधी अंग मोकळं करायचं. माझा धाकटा भाऊ संघदीप पोलीस भरतीची तयारी करतो. गेल्या महिन्यात बोरी अरबच्या मैदानावर पळताना त्याचे ओठ निळे पडले, म्हणून मी त्याला ओढत यवतमाळला छातीच्या डॉक्टरांकडे आणलं. दमा आहे की नाही, एवढंच कळायला हवं होतं. आणि हा शहाणा तपासणीआधी दवाखान्यामागच्या रस्त्यावर घाम निघेस्तोवर पळून आला!

डॉक्टर मॅडमनी त्याला मशीनवर पळवलं, मग नळीत फुंकायला लावलं. फुंक चांगली निघाली.

"यात तरी दमा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी कुठे पळून आला नाहीस ना? आधी पळालं की काही तास छाती आवळत नाही, तपासणी फसते."

"नाही मॅडम," संघदीप म्हणाला आणि टेबलाखालून माझा पाय दाबला.

मी गप्प बसले तर हा 'दमा नाही' असा कागद घेऊन भरतीला पळणार, आणि तिथे पडला तर उचलायला मी नसणार.

"पळाला मॅडम. मी पाह्यलं."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी वेगळ्या तपासणीला बोलावलं. औषधाची वाफ थोडी थोडी वाढवत ओढायची, दर वेळी फुंकायचं. दमा असेल तर छाती तिथेच आवळणार. उतारा म्हणून छाती मोकळी करणारा पंप हाताशी ठेवला होता, तरी माझा जीव टांगणीला.

"माह्या भरतीचं वाटोळं करून राह्यली तू," संघदीप पुटपुटला.

"बोलू नको. फुंक."

पहिल्या वाफेला काही नाही. दुसरीला खोकला. पुढच्या वाफेला त्याची छाती सूं सूं वाजू लागली, डोळे मोठे झाले, आणि त्याने माझा हात घट्ट धरला.

"दमाच आहे," म्हणत मॅडमनी लगेच पंप दिला.

भावाचा श्वास कोंडला होता आणि मला आनंद झाला. लाज वाटली, पण झाला.

"औषध नीट घेतलंस तर पळता येईल," मॅडम म्हणाल्या.

संघदीपने पंपाचं झाकण लावलं. मग खाली मान घालून म्हणाला, "मैदानावर रोज असंच होते, ताई. रोज वाटते, आता काही वाचत नाही मी."