काही गाडीवान

ते १६२३ साल होतं. सान नदीकाठच्या यारोस्वाव गावात म्हातारा वालेंती नक्कलनवीस एका सरदाराने लॅटिनमध्ये लिहिलेला मोहिमेचा इतिहास स्वच्छ उतरवून काढत होता. तीन वर्षांपूर्वीची, तुर्कांवरची मोहीम. त्याचा एकुलता एक मुलगा कास्पर त्याच फौजेत गाडी हाकायला गेला आणि परत आला तो फक्त त्याचा चाबूक.

“आज कुठवर आलं हो?” सातूच्या पेजेचा वाडगा ठेवत त्याची बायको दोरोता रोज विचारी.

“फौज माघारी फिरलीय. गाड्या साखळदंडांनी जोडून चालल्यात.”

“म्हणजे आपला आहे अजून.”

“आहे.”

पेज निवून जाई. वालेंती मुद्दाम सावकाश लिहू लागला होता. पण पानं काही थांबत नाहीत. एका दुपारी दोरोता आली, तर तो लेखणी खाली ठेवून नुसता बसलेला.

“आलं का त्याचं?”

त्याने बोटाने ओळ दाखवली. आधी पडलेल्या सरदारांची नावं, कुळं, एकाच्या तर घोड्याचंही नाव. आणि मग : काही गाडीवानही पडले.

“काही?” दोरोता म्हणाली. “घोड्याला नाव आहे, आणि माझा काही?”

“दोरोता...”

“तुमच्याच हातात लेखणी आहे ना? घाला की दोन अक्षरं!”

“सरदारांच्या वाड्यावरचे फादर फ्लोरियान मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघतात. सरदारांच्या शब्दात मला टिंबसुद्धा वाढवता येत नाही गं.”

ती कमरेच्या फडक्याने वाडगाच पुसत राहिली, पेजेने भरलेला.

नक्कलनवीसाची स्वतःची ओळ एकच. पुस्तक संपलं की शेवटी तो आपलं नाव लिही. वाचणाऱ्याने त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणावी, असा रिवाज. चाळीस वर्षांत वालेंतीने ती ओळ कधी चुकवली नव्हती. मेल्यावर गाठीला तेवढंच.

फादरांनी शेवटचं पान वाचलं आणि चष्मा काढला. “हे कास्परने लिहिलं? तुमच्या पोराला लेखणी धरता येत नव्हती, वालेंती.”

“नव्हती, फादर. लगाम धरायचा.”

“मग तुमच्यासाठी कोण प्रार्थना करणार?”

दाराशी उभी असलेली दोरोता म्हणाली, “मी आहे की.”

फादरांनी पानावरची शाई खरवडायची सुरी हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि पुन्हा खणात ठेवून दिली.

वालेंती त्याच हिवाळ्यात गेला. फादर फ्लोरियान पुढच्या साथीत, आजाऱ्यांच्या उशाशी. दोरोता अकरा वर्षं जगली. नवऱ्यासाठी रोज मेणबत्ती लावायची, मुलासाठी मात्र नाही. त्याची सोय झालीय, म्हणायची.

पुस्तक सरदारांच्या वाड्यातच राहिलं. पाहुणे ते उघडत, शेवटच्या पानाशी थांबून क्रूसाची खूण करत आणि म्हणत, या कास्परचं अक्षर काय सुरेख होतं!