पास भागीचा, पाय लाडकीचा

मी मुकादम होतो तेव्हा मला माणसं दिसत नसत, टाळकी दिसत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्याला आमचा ठेकेदार वीस बायका पुरवायचा. सकाळी फाटकावर वीस भरल्या की हा कमलाकांत सुटला. कालचा चेहरा कुठला आणि आजचा कुठला हे बघायला मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती.

वाणगावच्या आतल्या एका पाड्यावरून भागी यायची. फाटकाच्या पासवर तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, फोटो नाही. भातलावणीच्या दिवसांत ती शेतावर अडकली की तिची जाऊ लाडकी तोच पास घेऊन यायची. पाड्यावरच्या लोकांच्या लेखी यात लबाडी नव्हती. काम घराला मिळालंय, मग घरातलं जे मोकळं असेल ते जाईल. मला सगळं ठाऊक होतं. मी ‘भागी हजर’ लिहायचो आणि पुढे सरकायचो.

शहाऐंशीच्या जुलैत लाडकी ओल्या फळीवरून पोत्यासकट खाली आली, ती उजव्या खुब्यावर. मी धावलो तर तिचं पाऊल भलतीकडेच वळून पडलं होतं. ती रडत नव्हती. भागीला काढू नका, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. सरकारी दवाखान्यात केसपेपर मीच भरला आणि नाव भागीचं घातलं. डॉक्टरांनी विचारल्यावर लाडकीनेही तेच सांगितलं. आम्हा दोघांनाही वाटलं, आपण मोठा शहाणपणा केला.

डॉक्टर म्हणाले, मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलंय, मुंबईला नेऊन आत सळई बसवली तर नीट जुळेल. आमचे ठेकेदार शेठ म्हणाले, इथंच जुळेल. मग दोन महिने पायाला पट्ट्या बांधून पलंगाच्या टोकाशी विटा टांगल्या होत्या. पाठीला जखमा झाल्या. हाड जुळलं, पण वाकडं, आणि पाय दोन बोटं आखूड. लाडकीला उकिडवं बसता येईना, चिखलात उभं राहता येईना. मी दर आठवड्याला बिस्किटाचा पुडा घेऊन जायचो. भागी तोवर पुन्हा कामावर येऊ लागली होती आणि लाडकी मला तिचंच विचारायची. मला लाज वाटायची. पुडा दिला की थोडी कमी व्हायची.

लाडकीचा नवरा जिवल्या पालघरच्या एका वकिलाकडे गेला. वकील सरळ माणूस, त्याने भरपाईचा दावा लाडकीच्या खऱ्या नावाने लावला आणि मला गाठलं. म्हणाला, एकीचं नाव कागदावर आहे पण पाय धड आहे, दुसरीचा पाय मोडलाय पण नाव कुठेच नाही. पडली ती हीच, एवढं तुम्ही भरपाईच्या कोर्टात साहेबांपुढे सांगितलंत तर भरपाई मिळेल. त्या पैशात मुंबईला हाड पुन्हा सरळ बसवता येईल, डॉक्टर तसं म्हणाले होते. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

तारखेच्या आदल्या दुपारी शेठने बोलावलं. ओरडले नाहीत, चहा दिला. पास कुणी कुणाला दिला याची चौकशी निघाली तर पहिला मुकादम घरी जाईल, असं शांतपणे सांगितलं. मग चालू महिन्याचा हजेरीपट पुढे सरकवला आणि भागीचं नाव माझ्याच हाताने खोडून घेतलं, म्हणजे उद्यापासून तिचं काम बंद. मी चहा प्यालो आणि नाव खोडलं. दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी पालघरला साहेबांनी मला विचारलं, त्या दिवशी पडलं कोण? मी म्हणालो, त्या दिवशीच्या हजेरीला भागीचं नाव आहे. साहेबांनी समोर खुर्चीवर काठी धरून बसलेल्या लाडकीकडे बोट केलं.

“या बाईंना ओळखता?”

“नाही,” मी म्हणालो.

वकिलाने पेनाला टोपण लावलं. दावा तिथंच निकालात निघाला. त्या क्षणी मी स्वतःला जितकं ओळखलं तितकं आधी कधी ओळखलं नव्हतं, आणि आवडलो तर मुळीच नाही.

एसटी स्टँडवर लाडकीला आणि तिच्याबरोबर आलेल्या भागीला टाळून जायचं मी ठरवलं होतं, पण लाडकीनेच हाक मारली. एसटीची पायरी उंच, तिचा पाय तिथवर उचलेना. भागीने वरून ओढलं, मी खालून आधार दिला. लाडकी माझ्या खांद्यावर भार टाकून थांबली.

“दादा, तुमी बोलला नाय ते बरं केलं,” ती हळूच म्हणाली. “पास दुसरीला दिला म्हणून भागीला काढली असती. माझा पाय गेला तो गेला. घरातलं काम तरी राखलं तुमी.”

मी तिची काठी वर भागीच्या हातात दिली.

“आज तिचा खाडा झाला,” ती म्हणाली. “उद्यापासून येऊ दे ना तिला?”

“येऊ दे,” मी म्हणालो.

एसटी सुटली. भागीने खिडकीतून मला हात जोडले.