टेकवायचा राहिलेला चेंडू

किटलीच्या लोकरी टोपीला एक भोक होतं, काळ्या पट्ट्याच्या खाली, पिवळ्यात… करंगळी जाईल एवढं, आणि ग्लेनिसची करंगळी त्यात गेलीच होती. आतल्या किटलीचा चटका बसला तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. आईनं ही टोपी फायनलच्या आधीच्या आठवड्यात विणली होती, मफलरच्या उरलेल्या लोकरीतून, बाबा कप घेऊन घरी येतील तेव्हा चहा गरम असावा म्हणून. फायनल… शब्द मनातसुद्धा दबकतच आला. या घरात तो कधी कोणी उच्चारला नव्हता, आणि आज संध्याकाळच्या आत तिला तो उच्चारायचा होता.

उद्या जुन्या मैदानावरची रग्बीची शेवटची मॅच. मग ते पाडणार. मध्यंतरात त्या वर्षीच्या टीममधले जे उरलेत ते मैदानाला एक फेरी मारणार होते, आणि क्लबच्या सेक्रेटरीनं तिला फोन केला होता— आर्थर येईल का गं, तुझा बाप? तूच विचार बाई, आमचा नाही धीर होत. एवढे दांडगे गडी, नाकं मोडून घेतलेले, आणि एका म्हाताऱ्याला एवढं विचारायचं तर यांना घाम फुटतो!

"मासा गार होतोय," बाबा म्हणाले. दर शनिवारी ती कोपऱ्यावरून तळलेला मासा आणि बटाटे आणते, आणि दोघं कागदातूनच खातात.

"खातेय."

"खातेयस कुठं? टोपीला बोटं घालतेयस. तुझ्या आईनं बघितलं असतं तर हातावर फटका बसला असता."

आईनं… आई त्या दिवशी माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की नखं उमटली होती. अख्खी गल्ली बसनं लंडनला आलेली, मांडीवर हॅमची सँडविचेस, आणि आम्ही दोघी कोपऱ्यातल्या निशाणामागे— म्हणजे बाबा धावत आले ते सरळ आमच्याच अंगावर. चार गुणांनी मागे, मॅच संपत आलेली, आणि बाबांच्या काखेत चेंडू. त्यांनी समोरच्यांची शेवटची रेघ ओलांडली. ओलांडलीच! आसपास चिटपाखरू नाही. आता नुसता टेकवायचा, कारण रेघ ओलांडून काही भागत नाही, चेंडू जमिनीला लागला तरच तीन गुण, आणि मग आमच्या टीमच्या किक मारणाऱ्या डेरिकनं तो गोलच्या खांबांमधून मारला की आणखी दोन— कप आमचा. फक्त ती किक जिथं टेकवाल त्याच्याच समोरून मारायची असते. कोपऱ्यातून महाकठीण, खांबांसमोरून शेंबडं पोरही मारील. आणि डेरिकचा गुडघा तर मध्यंतरापासून सुजलेला… बाबांनी टेकवला नाही. चेंडू तसाच काखेत घेऊन ते रेघेच्या आत आडवे पळत सुटले, खांबांकडे. आई "टेकव, टेकव!" म्हणून ओरडत होती. मागून डोंगरापलीकडच्या टीमचा एक तांबड्या केसांचा आडदांड गडी आला, त्यानं झेप घातली, आणि चेंडू बाबांच्या काखेतून सुटून टुणटुणत मैदानाबाहेर गेला. हातातोंडाशी आलेला घास. मी आठ वर्षांची होते आणि मला वाटलं, पुन्हा घेतील.

ग्लेनिसनं बटाट्याचा एक तुकडा मोडला, दोन्ही अर्धे तसेच ठेवून दिले.

दुसऱ्या दिवशी उघडी बस आली, कारण हरले तरी टीमला टाऊन हॉलपर्यंत मिरवायचं ही आमच्या गावची रीतच. लोक खिडक्यांतून लोंबत होते. सगळ्यांत जास्त टाळ्या बाबांना. आणि त्यानंतर त्या गोष्टीबद्दल कोणी ब्र काढला नाही— सोमवारी खाणीत नाही, पबमध्ये नाही, कुठंच नाही. कोणी सभा घेतली नाही की ठराव केला नाही, सगळे आपापलेच मूग गिळून बसले. फटकळ तोंडाच्या हिंचक्लिफ खाटकानं आईच्या पुडीत मटणाचे दोन चॉप जास्तीचे घातले आणि वर बघितलंही नाही. शाळेत मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर पोरांना काय दम भरला कोण जाणे, पण मला कोणी एका शब्दानं चिडवलं नाही. सोन्यासारखी माणसं! आपल्या दक्षिणेकडच्या नवऱ्याला ग्लेनिस हे किती वेळा सांगायची, दुसऱ्या गावात खिडकीवर दगड आले असते म्हणायची… तेही केवढ्या अभिमानानं.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या मैदानावर… त्या फायनलची टीम फेरी मारणार आहे. तुम्हाला बोलावलंय."

झालं. छत काही कोसळलं नाही. बाबांनी माशातला काटा काढून कागदाच्या कडेला ठेवला.

"बोलावलंय कोणी?"

"क्लबनं."

"मग त्यांच्या हाताला काय झालंय? फोन करता येत नाही?"

"घाबरतात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट," बाबा म्हणाले, आणि हसल्यासारखं काहीतरी केलं. "डेरिकही असाच. मरेपर्यंत शेजारी बसून बिअर प्यायला, पण कधी विचारलं नाही."

"काय?"

"का पळालास म्हणून."

बाबा बोटं पुसत होते, एकेक बोट, सावकाश.

"उत्तर तयार होतं माझं. खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली जाताना रोज घोकायचो. म्हटलं आज विचारतील. निदान हिंचक्लिफ तरी, त्याच्या तोंडाला कुठं लगाम होता? तर त्यानं चॉप घातले! तेव्हा कळलं मला, केवढा राग आहे गावाला. शिवी घालायच्यासुद्धा लायकीचा ठेवला नाही मला. तुझी आईही काही बोलली नाही."

"राग नव्हता हो बाबा! ते तर…" ती थांबली. चांगुलपणा होता, असं म्हणायचं होतं. पण कुठल्या तोंडानं म्हणायचं, आणि त्या पिंजऱ्यात रोज उभ्या असलेल्या माणसाला ते आता कसं पोचवायचं…

"मग मला सांगा," ती म्हणाली, जरा मोठ्यानेच. "मी विचारते. का पळालात?"

बाबांनी मान वर केली. डोळे एकदम तरतरीत झाले, ओठ उघडले, खुर्चीत सरसावून बसले— आणि तसेच राहिले.

"चांगलं होतं गं उत्तर," ते म्हणाले. "डेरिकचं काहीतरी होतं त्यात."

"गुडघा?"

"गुडघा असेल. का तुम्ही दोघी दिसलात म्हणून… का नुसतीच हवा गेली डोक्यात? आता पळतोय एवढंच दिसतं बघ. पाय असे हलके, मागे सगळं स्टेडियम बोंबलतंय. फार मजेत पळत होतो मी, पोरी."

तिला राग आला. आईचा, डेरिकचा, खाटकाच्या चॉपचा, मोठ्या बाईंचा, त्या सगळ्या सोन्यासारख्या माणसांचा… ज्यांच्यावर रागावता येतं हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि त्यांच्यात तीही होतीच.

"मग उद्याचं काय सांगू त्यांना?"

बाबांनी कागदाची घडी घातली, ती मोडून पुन्हा नीट घातली.

"तिथं विचारील का गं कोणी?"

उद्या काय होणार हे तिला स्पष्ट दिसत होतं. सगळं मैदान उभं राहील, म्हातारे टोप्या काढतील, बाबांचं नाव पुकारलं की टाळ्यांनी कानठळ्या बसतील, आणि इतक्या हजारांतला एकही माणूस तोंड उघडणार नाही. त्या टाळ्यांची तिला आयुष्यात पहिल्यांदाच भीती वाटली.