हात जातो तिथे

सन १९८८. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतील असं धुकं पडलं होतं. त्या आठवड्यात मी दांडा झालो. त्याआधी मी नुसतं लाकूड होतो, आणि त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

न्हाणीघराच्या भिंतीवर बसवतात तो धरायचा दांडा मी. म्हाताऱ्यांनी, पाय मोडलेल्यांनी, पोटुशी बायकांनी उठता-बसता आधार घ्यावा म्हणून. माझं लाकूड कुदळी-फावड्यांना लावतात ते. वाकेल, पण मोडणार नाही. बात्तिस्ता कातारी याने मला लेथवर गोल केलं, नावेला लावतात ते रोगण दिलं आणि दोन टोकांना पितळी पाय बसवले. मग मला मुठीत धरून त्याने एक हिसका दिला आणि "चालेल," म्हणाला. बात्तिस्ता स्वतःच्या मुलांनाही यापेक्षा जास्त काही म्हणत नसे. मला ते पुरलं.

आमचा मुलूख ब्रियान्झा, मिलानच्या वरच्या अंगाला. इथे घरटी एक माणूस लाकडाच्या, कापडाच्या नाहीतर पितळेच्या कामात आहे. कोणाकडे जेवायला गेलं तरी मक्याच्या पिठाचा पोलेंटा पानात पडायच्या आत माणसं टेबलाच्या कडेखालून हात फिरवून बघतात, सांधा कसा बसलाय ते. अशा गावातल्या संध्याकाळच्या शाळेत मला दिलं. घराची आतली रचना कशी करावी हे तिथे शिकवतात.

शाळेत राहून मी फार शिकलो असं नाही. वर्गाचा फळा माझ्याकडे पाठ करून होता. मला दिसायची ती माणसं.

ती दोन जातींची. एक, नुकती शिकायला लागलेली पोरं. दिवसभर कुठेतरी राबून यायची, डोळे चोळत वहीत रेघा मारायची. दुसरी, धंद्यात मुरलेली. त्यांच्यासाठी पुढे नियम आला, की दर काही वर्षांत ठरलेले तास पुन्हा शिकलंच पाहिजे, नाहीतर धंद्याच्या यादीतून नाव बाहेर. ही माणसं ओव्हरकोट न काढता दाराजवळची खुर्ची धरत. सही करायची, फोन बघायचा, घड्याळ बघायचं. आपल्याला सगळं येतं अशा चेहऱ्याने माणूस किती वेळ बसू शकतो, हे मी तिथे पाहिलं.

वर्गाच्या टोकाला सरावाचं न्हाणीघर होतं. तीन भिंती, एक कोरडा टब, आणि ज्यातून कधी थेंब आला नाही असा नळ. प्रत्येक तुकडीचा पहिला धडा म्हणजे मी. मला काढायचं आणि योग्य जागी बसवायचं. माझ्यामागची भिंत भोकांनी चाळणी झाली. भोकं बुजवत, पुन्हा पाडत.

आणि बसवत कुठे? भिंतीवरच्या फरशीच्या सांध्यावर. दोन फरशांमधल्या रेघेवर मला बरोबर आडवा धरायचे, पातळी बघायचे, मागे सरून डोळा बारीक करायचे. सुरेख दिसतोय म्हणायचे. या धंद्यातल्या माणसांची ही खोडच आहे. सांध्याला सांधा जुळला की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

रोझाल्बा कोल्झानी या शिकवणाऱ्या बाई काही बोलत नसत. सांध्यावर बसवणाऱ्याच्या गुडघ्याला त्या लाकडी पट्टी बांधत, हात साबणाने माखत, डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला कोरड्या टबात बसवत. मग म्हणत, उठा. आंधळा हात भिंतीवर जिथे आपटे तिथे खडूची खूण करत. ती खूण सांध्यावर कधीच येत नसे. सगळे हसत, वहीत लिहून घेत. पुढच्या आठवड्यात आपल्या कामाचे फोटो दाखवत. दांडा पुन्हा सांध्यावर.

ओझ्याने मी कधी थकलो नाही. थकलो ते बिनओझ्याने. तीस वर्षं मला ज्यांनी ज्यांनी धरलं त्यांतल्या एकालाही माझी गरज नव्हती. दोन बोटांनी धरत, लांबच्या नातेवाइकाशी हात मिळवावा तसं. माझं रोगण झिजलं ते असल्या हातांनी.

त्यातल्या एका माणसावर माझा राग होता. तुल्लिओ गाल्बुझेरा. आमच्याच गावचा, मिलानमध्ये आर्किटेक्ट म्हणून नाव काढलेला. २००९ साली शाळेने त्याला व्याख्यानाला बोलावलं. फोटो निघायचे होते. सरावाच्या न्हाणीघराकडे बोट करून तो म्हणाला, "ते काढा. हॉस्पिटल वाटतंय." मला उतरवून कपाटात खडूच्या खोक्यांमागे टाकलं. वर्षभर मी तिथे पडून होतो.

२०१८ च्या ऑक्टोबरात तोच तुल्लिओ शाळेत आला, शिकायला. दाराजवळ नाही, पहिल्या रांगेत बसला. वर्गात कुजबुज झाली नाही, कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र तास सुटल्यावर कळलं. माझ्यावर कोपर टेकून त्याने रोझाल्बाबाईंना सगळं सांगितलं.

आईसाठी त्याने न्हाणीघर केलं होतं. काळा गुळगुळीत दगड, टबाला दोन पायऱ्या, धरायला काही नाही. मासिकात छापून आलं होतं. त्याच पायऱ्यांवर आई पडली. खुबा मोडला. त्याची आई, एर्मिन्याबाई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. तेव्हापासून टेकडीवरच्या नन लोकांच्या वृद्धाश्रमात होत्या. तिथल्या नर्सचं म्हणणं असं, की घरी आपली आपण आंघोळ जमली तर खुशाल जा. वर्षअखेरीपर्यंत काय ते सांगा, नाहीतर इथली खाट कायमची तुमच्या नावावर धरू.

तुल्लिओने पायऱ्या फोडल्या. काळा दगड काढून फिकट, खरबरीत दगड घातला. लोखंडाचे दोन दांडे लावले. सप्टेंबरात एका दिवसासाठी आईला घरी आणलं. ती टबात बसली आणि उठायला गेली तर दांडा हाताला येईना. तिने हाक मारली नाही. पाणी थंड होईतो तशीच बसून राहिली. शेवटी तुल्लिओने दार उघडलं, तिला उचलून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, मला टेकडीवर पोचव.

"मग काय म्हणाल्या?" रोझाल्बाबाईंनी विचारलं.

"म्हणाली, तू मला एक आंघोळ देणं लागतोस. माझ्या घरात, दार लावून, कोणी न बघता. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही."

"दांडे कुठे लावले होते?"

त्याने माझ्यावरून कोपर उचललं. मग म्हणाला, "सांध्यावर."

बाईंनी त्याला पट्टी बांधली, साबण लावला, डोळे बांधले, इतरांसारखंच टबात बसवलं. खूण झाली. तो मोजपट्टी काढून खुणेची उंची लिहायला लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "हे तुमच्या हाताचं माप झालं, आर्किटेक्टसाहेब. त्यांना घेऊन या."

"इथे? वर्गात? ती नाही यायची."

"विचारलंत का?"

विचारायला त्याला महिना लागला. बाई दर तासाला एक नजर टाकत, तो मान खाली घाली. डिसेंबरात एका गुरुवारी एर्मिन्याबाई आल्या. डोक्यावर लोकरी टोपी, हातात चाकांचा आधार, मागे तुल्लिओ. वर्ग उठून उभा राहिला. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि रोझाल्बाबाईंना विचारलं, ही एवढी माणसं कशाला. बाई म्हणाल्या, शिकायला.

"शिकू दे. माझ्या अंगावर कोट आहे."

बाईंनी वर्गातल्या दोघींच्या मदतीने त्यांना टबात उतरवलं. डोळे बांधले नाहीत, हात तेवढे साबणाने माखले. उठा म्हटल्यावर त्यांचा हात खाली गेला. अगदी खाली, गुडघ्याजवळ. तिथे त्यांनी भिंतीला पंजा लावला आणि उठता उठता तो पंजा वर सरकवत नेला, पुढच्या बाजूला. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तसंच. बाईंनी खाली एक खूण केली, वर एक. मधली रेघ तिरकी आली. चार फरशा कापत गेली आणि एकाही सांध्याशी तिचा मेळ नव्हता.

वर्ग त्या रेघेकडे बघत होता. मीही बघत होतो. तीस वर्षं मी आडवा राहिलो होतो.

"वाकडं दिसेल," तुल्लिओच्या तोंडून गेलं.

एर्मिन्याबाई टबातून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मी वाकडी चालते आता. रस्त्यात ओळख दाखवणार नाहीस?"

तुल्लिओने कोट काढला आणि पेचकस उचलला. हत्यार धरून त्याला वर्षं झाली असावीत, पहिला स्क्रू वाकडा गेला. काढून पुन्हा लावला. मी तिरका झालो.

मग त्या उठल्या. एर्मिन्याबाईंचा हात लहान, कातडी सैल, पण पकड सुताराची. आधी खाली पकडलं, मग सरकत वर. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं. पितळी पाय करकरले. भिंत भोकांची असली तरी धरून राहिली. मी कशासाठी केला गेलो ते त्या दिवशी मला कळलं, आणि एवढ्या उशिरा कळलं याचा शीणही त्याच वेळी जाणवला.

"हाच पाहिजे," त्या रोझाल्बाबाईंना म्हणाल्या. "माझ्या पोराने लावलेल्या लोखंडाला हात लावला की अंगावर काटा येतो."

तुल्लिओ म्हणाला, असाच नवा करून घेतो, कातारी शोधतो. त्यांनी त्याच्याकडे न बघता उत्तर दिलं, नवा नको, हा हातांनी घोटलेला आहे. रोझाल्बाबाईंनी मला स्वतःच्या हाताने उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळलं. शाळेला दुसरा मिळेल म्हणाल्या. निरोप असा काही झाला नाही. मला चाललं.

आता मी एर्मिन्याबाईंच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर असतो. फिकट दगडावर, तिरका. दगडाचे सांधे माझ्याखालून आडवे-उभे जातात, मी कोणाला जुमानत नाही. रोगण जवळजवळ गेलं आहे आणि खालच्या टोकाला लाकूड काळवंडलं आहे. नवं रोगण द्यायचं कोणी काढलं की एर्मिन्याबाई नको म्हणतात, घसरेल. घरं सजवायला शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की ज्याचं घर त्याला आधी टबात बसवा, कोट घालून का होईना. मग भोक पाडा.

पहिली आंघोळ नाताळच्या आधीच्या रविवारी झाली. तुल्लिओने सकाळपासून शेगडी लावून खोली गरम केली होती. मला दोनदा ओढून पाहिलं होतं. एर्मिन्याबाई टॉवेल घेऊन आत आल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली. तो बाहेर स्टुलावर बसला. स्टूल वाजल्याचं आत ऐकू आलं.

आत काय झालं ते मी सांगणार नाही. दार लावलेलं होतं. वेळ बराच लागला, नळ दोनदा सोडला, एकदा मधे पाण्याचा आवाज थांबला आणि बाहेर स्टूल पुन्हा वाजलं. मग खालच्या टोकाला हात आला. तो वर सरकला.

ओल्या केसांवर टॉवेल बांधून, अंगात गाऊन घालून त्यांनी कडी काढली. तुल्लिओ उभा राहिला.

"फिटलं," त्या म्हणाल्या.