दारातले प्रेक्षक

"या, या, सगळे या. दारापर्यंतच हं, पुढे नको," असं म्हणून त्याने हात असा काही फिरवला, की बघणाऱ्याला वाटावं आता इथून विमानच उडणार आहे.

अंगणाकडच्या दारात शेजारचे दोघे, वरच्या मजल्यावरची बाई आणि सायकलवाला दाटीवाटीने उभे होते. काम काय, तर घरच्याच मागच्या खोलीतल्या गॅस हीटरचा धूर बाहेर ओढणारा पंखा धुराड्यात बसवला होता आणि तो ओढतोय का ते बघायचं होतं. कारागीर असली कामं मुकाट्याने करून घरी जातात. पण याला वस्तीत कुणीतरी कधीतरी थट्टेने उस्ताद म्हटलं होतं, आणि ते त्याने मनावर घेतलं होतं. तेव्हापासून टाळ्या वाजवायला माणसं नसली तर त्याचा हात चालत नसे.

त्याची बायको मागे भिंतीला टेकून बघत होती. त्याने काडी ओढली, फुंकून विझवली आणि धुराची रेघ हीटरच्या तोंडाशी धरली. रेघ सरळ आत ओढली गेली.

"बघितलंत? याला म्हणतात ओढ," तो म्हणाला.

"वा, उस्ताद," सायकलवाला म्हणाला. त्याला चहाची आशा होती.

मग त्याने पंख्याशेजारची एक लहानशी कळ दाखवली. पंखा नीट ओढत नसेल तर ही कळ गॅस आपोआप तोडते. "ही भारी नखरेल. जरा काही झालं की हीटर बंद पाडते आणि गिऱ्हाइकं माझ्या नावाने बोंबलतात. म्हणून मी सगळीकडे हिच्या तारा पिळून हिला निकामी करून टाकतो. मी तपासल्यावर हिची गरजच काय?" असं म्हणून त्याने दोन तारा एकमेकींना पिळल्या आणि मान वर करून दाराकडे बघितलं. कौतुक पुरेसं झालं नाही असं वाटलं म्हणून काडी परत एकदा ओढली.

चहा करायला आत जाताना तिला त्याच्या मानेचा मनापासून राग आला. माणसाची मान एवढी ताठ राहते तरी कशी, हे तिला लग्नापासून पडलेलं कोडं होतं.

मागच्या खोलीत सासूबाई झोपायच्या. थंडी वाढली, हीटर दिवसभर चालू राहायला लागला, आणि सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं.

"आई, पुन्हा डोकं चढलं का?"

"वय झालं गं. आणि तुझ्या तळणाचा वास सोसत नाही मला."

टोमणा गिळायची तिला सवय होती, पण या वेळी तो डोक्यात अडकून बसला. तळण असलं की ती स्वयंपाकघरातला पंखा लावायची. तो लावला की सासूबाईंच्या खोलीतली खिडकीची काच घामेजायची, हे तिने बघितलं होतं. जेवताना तिने ते नवऱ्याला सांगितलं.

"काच आहे, घाम येणारच," तो तोंडात घास ठेवूनच म्हणाला. "तू आता मला धुराडी शिकवणार?"

"माझ्या लेकाच्या हाताला यश आहे. तू त्यात नाक खुपसू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

ही दोघं एकाच मातीची आहेत, असं मनाशी म्हणून तिने ताटं उचलली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना बाहेरच्या खोलीत बसवून ती काडेपेटी घेऊन मागे गेली. अंगणाकडचं दार लावलं, खिडकी लावली, स्वयंपाकघरातला पंखा सुरू केला आणि हीटर जरा तापू दिला. मग काडी विझवून धरली. धुराची रेघ क्षणभर घुटमळली आणि वळून थेट तिच्या तोंडावर आली.

तिने गॅस बंद केला, दार सताड उघडलं आणि पायरीवर बसून राहिली. स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता, दार बंद असल्यावर ती भरून निघायला दुसरी वाट नव्हती, म्हणून घर धुराड्यातूनच उलटा श्वास घेत होतं. काचेवरचा घाम आणि सासूबाईंचं डोकं, दोन्ही त्या धुराचंच होतं. आणि त्या दिवशी धूर आत ओढला गेला, तो दारात प्रेक्षक उभे होते म्हणून. त्यांच्यासाठी दार उघडं होतं. काय हा माणूस, तिच्या मनात आलं. नुसता नालायक असता तरी परवडलं असतं.

संध्याकाळी तो आला आणि गार हीटर बघून भडकला.

"कुणी बंद केला?"

"मी. दार लावून तपासून बघा."

"मी किती घरी पंखे बसवलेत माहितीये?" त्याने दार उघडं ठेवूनच हीटर पेटवला आणि काडी धरली. रेघ आत गेली. "हं. पटलं?"

"दार लावा."

"दाराचा काय संबंध?"

"संबंध नाही तर लावा ना."

तो जागचा हलला नाही. तेव्हा तिला कळलं की याला आत्ताच कळलंय. इतकी वर्षं या क्षणासाठी तिने मनात वाक्यं रचून ठेवली होती, एकापेक्षा एक धारदार.

सासूबाई कधी उठून आल्या ते दोघांनाही कळलं नाही. भिंतीला धरत धरत त्या दारापर्यंत गेल्या, आणि त्यांनीच ते लावलं. "आता पेटव काडी," त्या लेकाला म्हणाल्या. सुनेने स्वयंपाकघरातला पंखा लावला.

धूर वळून त्याच्या तोंडावर आला. त्याने गॅस बंद केला. सुनेने दार उघडलं.

"बाकीच्यांकडे पण असंच तपासलंस का रे?" सासूबाईंनी विचारलं.

तो खाली बसला. फोन काढून त्याने एक नंबर लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर फोन बायकोपुढे धरला. "शिवणकामवाली आहे. बाळंतीण," एवढंच तो कसंबसं बायकोला म्हणाला.

तिने फोन त्याच्या हातातून घेतला. "ताई, आधी हीटर बंद करा. हो, आत्ताच. दारं-खिडक्या उघडा आणि बाळाला घेऊन बाहेर या, मग बोलू... आलात? बाळ रडतंय का? रडू दे, रडतंय ते चांगलं आहे. आता हीटर लावूच नका, आम्ही येतोय. नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. आमचं चुकलंय."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. रचून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"हो, इथेच आहेत," ती म्हणाली. "त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनीच सांगितलं, आधी तुम्हाला कळवायला."

त्याने वर न बघता पुढचा नंबर सांगितला.