धुऊन टाका

लोकरीच्या दुकानात तिला सगळे ‘पोथी’ म्हणत. गिऱ्हाईक कॅशमीअरच्या कपाटाकडे वळलं रे वळलं, की हिचं पारायण सुरू. ही बकरीच्या राठ केसांखालची लव, थंडी सरली की विंचरून काढतात, एका बकरीची जेमतेम ओंजळभर निघते. म्हणून तर एवढी हलकी आणि एवढी ऊबदार. धुवायची ती गार पाण्यात, हातानं. पिळायची नाही, टांगायची नाही, टॉवेलवर आडवी पसरून वाळवायची. सोबतच्या बाया तोंडाला पदर लावून हसत. हसू देत! तिनं विकलेला स्वेटर वीस-वीस वर्षं टिकायचा.

असाच एक राखाडी स्वेटर तिनं आईला घेतला होता, त्याला आता सहा वर्षं झाली होती. आई वृद्धाश्रमात होती आणि तिचं डोकं पार पुसलं गेलं होतं. लेकीचं नाव गेलं, चेहराही गेला. पण रविवारी पोथीनं जवळ बसून आईचा हात त्या मऊ बाहीवरून फिरवला, की म्हातारीचं तोंड उजळायचं. “आलीस का गं,” एवढंच म्हणायची. त्या तीन शब्दांवर पोथी आठवडा काढायची, खोटं कशाला बोला.

तो स्वेटर ती दुसऱ्या कुणाला धुवू द्यायची नाही. आईच्या खोलीतल्या बेसिनमध्ये स्वतः धुवायची. मग दुकानात सेल लागला, गर्दी म्हणजे काय गर्दी, आणि भर दुपारी आयाबाईंचा फोन आला. आईनं स्वेटरवर सूप सांडलं होतं, आता त्याचं काय करू, असं त्या विचारत होत्या. समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

“धुऊन टाका,” पोथी म्हणाली आणि फोन ठेवला. मग त्या गिऱ्हाइकाला तिनं पाऊण तास स्वेटर कसा धुवायचा ते समजावलं.

वृद्धाश्रमात चादरी, पायजमे, सगळं एकाच मशीनमध्ये कढत पाण्यात जातं. आयाबाईंचा बिचाऱ्यांचा काय दोष? त्यांनी सांगितलं तेच केलं.

रविवारी स्वेटर उशाशी घडी घालून ठेवला होता. आटून बाहुलीच्या मापाचा, पायपुसण्यासारखा कडक. पोथीनं ओढून पाहिला, तसूभरही ताणला नाही. तरी तिनं आईचा हात त्यावरून फिरवला. आईनं बोटं आखडून घेतली आणि त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

पुढच्या रविवारी पोथी नवा घेऊन गेली, त्याच रंगाचा, त्याच लोकरीचा. पण ही लोकर वापरून वापरून मऊ होत जाते, आणि ती सहा वर्षं कुठल्या कपाटात मिळणार?

आईनं बाही चाचपली. परक्या माणसाकडे बघून हसतात तसं हसली.

“छान आहे हो. पण आता उठा तुम्ही. माझी लेक यायची वेळ झाली, तिला बसायला खुर्ची नको का?”

पोथी उठली आणि भिंतीशी उभी राहिली. भेटीची वेळ संपेपर्यंत दोघी रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना लेकीची वाट बघत होत्या.